परात, तीन अक्षरी

लातूर
१३ जुलै २०२५

सौ. सुकन्या सोमेश बिराजदार यांना, मुक्काम नांदेड,
सिद्धलिंग हालगे यांचा नमस्कार.

'मांजराकाठ'च्या रविवार पुरवणीतलं गूढ शब्दकोडं गेली एकतीस वर्षं मी रचतो. पोटापाण्याचा धंदा भांड्यांचा. दुकान लातुरात आहे आणि भांड्यांवर नावं अजून मीच घालतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे दिवाळीनंतर कोडं दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं ठरवलं. तो माणूस मी स्वतः निवडणार, एवढी एकच अट संपादकांना घातली. यंदाची सूत्रस्पर्धा त्यासाठीच आहे. शब्द आम्ही द्यायचा, त्याला पोचवणारी वाकडी वाट, म्हणजे सूत्र, तुम्ही रचायचं. तीन फेऱ्यांत जो टिकेल, कोडं त्याचं.

पहिल्या फेरीला 'परात' दिली होती. एकशे बेचाळीस पत्रं आली. त्यांतल्या एकशे तीस जणांनी 'पोळ्या करताना लागणारं मोठं भांडं' असं काहीतरी लिहिलं. याला सूत्र म्हणत नाहीत. हे तर माझा गिऱ्हाईकही सांगतो.

तुमचं सूत्र असं: 'पहाटेच्या तोंडाला रात चिकटली, कणीक मळायला घ्या (३)'. पहाटेचं तोंड म्हणजे प. त्याला रात चिकटली की झाली परात, आणि कणीक तिच्यातच मळतात. एक शब्द काढता येत नाही, एक घालता येत नाही. एकशे बेचाळिसांत काय, पाचशेतही हे पहिलं आलं असतं.

म्हणूनच ते बाद करतो आहे. हे सूत्र माझं आहे. ऑक्टोबर १९९८ च्या दुसऱ्या रविवारी ते छापून आलंय, फक्त 'कणीक'च्या जागी 'पीठ' होतं. पीठ बदलल्यानं परात आपली होत नाही, बाई.

या खेळात फसवायची मुभा आहे, खोटं बोलायची नाही. पुढच्या फेऱ्यांना पत्र पाठवू नये. बाकीच्यांना मी उत्तरं लिहीत नाही. तुम्हाला लिहिलं, कारण राग आला.

सिद्धलिंग मा. हालगे
परीक्षक


नांदेड
१८ जुलै २०२५

परीक्षक साहेबांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मीही रागावले आहे, तेव्हा आपली फिटंफाट झाली असं समजून पुढचं लिहिते.

मी तरोडा नाक्याजवळ ब्लाउज शिवते. ऑक्टोबर १९९८ मध्ये मी तीन वर्षांची होते. तरीही तुमचं कोडं मी तेव्हापासून पाहिलेलंच नाही, असं म्हणणार नाही. माझं माहेर जळकोटचं. आमच्याकडे पेपर यायचा तो किराण्याच्या पुडीतून. साखरेच्या पुडीत अर्धं कोडं, शेंगदाण्याच्या पुडीत मागच्या आठवड्याची उत्तरं. चौकोन भरलेले हाती यायचे आणि सूत्रं फाटून दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेली असायची. मग मीच त्या उत्तरांना सूत्रं लिहायची. लोक कोडी सोडवायला शिकतात, मी रचायलाच आधी शिकले ती अशी. त्या पुड्यांत तुमची परात होती का, मला आठवत नाही. नव्हतीच असं शपथेवर सांगणार नाही, कारण खोटं बोलायची मुभा नाही म्हणता.

पण मला सूत्र आयतं आठवलं असतं, तर मी अकरा वेळा चुकले कशाला असते? सोबत ब्लाउजचं पेपर कटिंग पाठवते आहे. पाठीचा भाग आहे. मी ज्या कागदावर मापं काढते त्याच्यावरच सूत्रं जुळवते. दुसरा कागद घ्यायला उठलं की आलेला शब्द पळतो. त्यावरच्या बारा ओळी तुम्ही बघा. पहिल्या अकरा किती वाईट आहेत तेही बघा आणि कुणाला दाखवू नका.

कटिंग मात्र शुक्रवारपर्यंत परत पाठवा. ते मालेगाव रोडच्या एका बाईंच्या मापाचं आहे आणि त्यांच्या पुतणीचं लग्न तोंडावर आलंय. सध्या माझ्याकडे त्यांची बाही आहे, पुढचा भाग आहे, आणि पाठ लातुरात आहे.

आता एक सरळ लिहिते, त्यात वाकडी वाट नाही. मला हे कोडं पाहिजे. दिवसभर मी दुसऱ्याच्या मापानं काम करते आणि ते चांगलं करते. आठवड्यात एक चौकोन माझ्या मापाचा असावा, असं मला फार दिवसांपासून वाटतं. तुमच्या स्पर्धेची जाहिरात आली त्या दिवशी मी मशीन बंद ठेवून नुसती बसले होते.

सुकन्या बिराजदार


लातूर
२६ जुलै २०२५

सौ. सुकन्याबाईंना नमस्कार.

पाठ मिळाली. भिंग लावून बाराही ओळी वाचल्या. मी चुकलो. तुमची माफी मागतो, आणि ती लहान अक्षरात मागत नाही.

उचललेल्या सूत्राच्या कागदावर खाडाखोड नसते. तुमच्या कागदावर मठ्ठपणा ते शहाणपणा असा सगळा रस्ता दिसतो. पहिल्या ओळीत 'पदराआड रात'. नवव्यात पहाट आली. दहाव्यात तिला तुम्ही डोकं दिलंत, अकराव्यात कपाळ, आणि बाराव्यात तोंड. १९९८ साली मीसुद्धा आधी डोकंच दिलं होतं. सत्तावीस वर्षांच्या अंतरानं दोन माणसं एकाच खड्ड्यात पडली आणि एकाच दगडाला धरून वर आली, असंच म्हणायचं. चौथी ओळ, 'पतीच्या आरंभीच रात', मी आमच्या घरात वाचून दाखवलेली नाही.

कटिंग एक दिवस उशिरा निघतंय, त्याला कारण आमचं कुटुंब गंगम्मा. तिनं त्या पाठीची घडण बघितली आणि वर्तमानपत्रावर छापा काढून घेतला. म्हणाली, असा गळा लातुरात कुणाला येत नाही. मालेगाव रोडच्या बाईंना सांगू नका.

तुम्ही दुसऱ्या फेरीत आहात. बारा जण उरले. शब्द आहे 'कपाट'. दहा दिवसांत सूत्र यावं.

जाता जाता विचारतो. माहेर जळकोट म्हणालात, तर जळकोटात कुणाच्या? आणि सासर कुठलं? सहज विचारलं.

सिद्धलिंग हालगे


नांदेड
२ ऑगस्ट २०२५

हालगे साहेबांना नमस्कार.

माफी पोचली. मोठ्या अक्षरात होती, त्यामुळे इथं राहायला आलेल्या सासूबाईंनीही चष्म्याशिवाय वाचली. पाठही पोचली, बाईंचा ब्लाउज बसला. गंगम्माकाकूंना सांगा, छापा काढताना खांद्याला अर्धा इंच जास्त धरायचा, नाहीतर वर उचलतो.

'कपाट'चं सूत्र: 'कपड्याची सुरुवात पाटावर; साड्या आत ठेवा (३)'. कपड्याची सुरुवात क, तो पाटाला लावला. या वेळी सहा ओळींत जमलं. शिवाय हे तुम्ही पूर्वी कधी लिहिलं असेल तर मला आधीच सांगून टाका, दुसरा कागद फाडायला लावू नका.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जळकोटच्या माणिकप्पा पटण्यांची मी धाकटी. सासर लोह्याचं, शेती आहे, आम्ही दोघं कामासाठी नांदेडला राहतो. आई कस्तुराबाई, ती रेणापूरची. आजोळी आता कुणी नाही. आजी लक्ष्मम्मा होती तोवर उन्हाळ्यात जायचो.

सुकन्या


लातूर
९ ऑगस्ट २०२५

चि. सुकन्यास, शरणु शरणार्थ.

चि. लिहिलं म्हणून दचकू नकोस, आणि 'तू' म्हटलं म्हणून रागावू नकोस. रेणापूरची लक्ष्मम्मा आणि माझी आई सख्ख्या मावसबहिणी. म्हणजे कस्तुरा माझी बहीण लागते आणि तू माझी भाची. तुझं पत्र गंगम्माला वाचून दाखवलं, तर तिनं हातातली मेथी खाली ठेवली आणि तिथंच सगळं नातं उलगडून दाखवलं. कस्तुराच्या लग्नात पंगतीला वाढायला मी होतो. कढीचं भांडं माझ्या हातून नवरदेवाच्या मामाच्या धोतरावर सांडलं, आणि पुढची सगळी पंगत त्या मामांनी माझा टॉवेल नेसून उरकली. आईला विचार, तिला आठवेल. इतकी वर्षं एका पुरवणीच्या अंतरावर होतो आणि एकमेकांना ओळखत नव्हतो, याचं मला फार वाईट वाटलं, आणि आता तितकाच आनंद झाला.

'कपाट' सुरेख आहे. पूर्वी लिहिलेलं नाही. बारा जणांत पहिलं.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज सकाळी स्पर्धेचे नियम पुन्हा छापायला द्यायचे होते म्हणून काढले. नियम सहावा: 'परीक्षकांच्या नात्यातील कोणासही भाग घेता येणार नाही.'

हा नियम मीच घातलेला आहे. बावीस वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याला लागोपाठ दोनदा बक्षीस मिळालं. सूत्रं खरोखर त्याचीच होती आणि चांगली होती. पण बाजारात कुजबुज झाली, आणि एका जुन्या स्नेह्यानं माझ्या दुकानावरून जाताना मान वळवून जायला सुरुवात केली. तो शेवटपर्यंत बोलला नाही. तेव्हा हा नियम केला आणि दरवर्षी ठळक टाइपात छापला.

तू आधी चोर ठरलीस, मग निर्दोष ठरलीस, आणि आता भाची ठरलीस. यातली शेवटची गोष्ट मी विचारलं म्हणून झाली. परीक्षकानं कुणाला 'तुम्ही कुणाच्या' म्हणून विचारायचं नसतं, हे मला कळायला पाहिजे होतं. पण आपल्याकडे एवढं विचारल्याशिवाय पत्र संपल्यासारखं वाटत नाही.

काय करावं सुचत नाही.

तुझा
सिद्धलिंगमामा


नांदेड
१३ ऑगस्ट २०२५

मामा म्हणू की परीक्षक साहेब, ते ठरवा. तोवर दोघांनाही नमस्कार.

आईला फोन केला. कढी आठवते म्हणाली. टॉवेलही आठवतो. तुमची चौकशी केली आणि मग रडली, आणि मी इकडे नियम सहावा हातात धरून बसले होते. कधी नव्हे ते एक मामा मिळाला आणि त्याच टपालानं स्पर्धा गेली.

मी भांडणार आहे. तुम्ही विचारलं नसतं तर मी नात्यातली नव्हते. विचारलं म्हणून झाले. बाकीच्या अकरा जणांना तुम्ही विचारलंय का? त्यांनाही विचारा: माहेर कुठलं, आजोळ कुठलं, आजीचं नाव काय. उत्तरं गंगम्मामामींच्या पुढ्यात ठेवा आणि मेथी निवडून होईपर्यंत थांबा. लातूर-नांदेडात तुमच्या नात्यात नाही असा माणूस निघाला तर मला कळवा, मी त्याला फुकट सदरा शिवून देईन.

नियमाला माझी ना नाही. सगळ्यांना एकाच टेपनं मोजा एवढंच म्हणते. माझ्याच अंगावर तो जास्त घट्ट होऊ नये.

सुकन्या


नांदेड
२१ सप्टेंबर २०२५

श्री. हालगे यांना.

पाच आठवडे तुमचं पत्र नाही. आजच्या पुरवणीत कोपऱ्यात चौकट वाचली: 'डोळ्यांच्या विकारामुळे श्री. सिद्धलिंग हालगे परीक्षकपदावरून निवृत्त होत आहेत.'

निवृत्त व्हायला माझी हरकत नाही. पण मला उत्तर द्यायचं टाळण्यासाठी डोळ्यांच्या आड लपायची गरज नव्हती. नियमात बसत नाहीस, एवढं एका कार्डावर लिहिलं असतं तरी मी ऐकलं असतं. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही मला चोर म्हणालात तेव्हासुद्धा चार पानं लिहिली होतीत. मामा झाल्यावर एक ओळ नाही. मला वाईट वाटलं आहे, आणि ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र.

सुकन्या बिराजदार


लातूर
२७ सप्टेंबर २०२५

सुकन्याला गंगम्मामामीचा आशीर्वाद.

ह्यांनी तुला पत्र लिहायचं न्हाई असं ठरवलंय, निकाल लागेपर्यंत. मी काही तसं ठरवलं न्हाई, म्हणून लिहायलेय. माझं अक्षर समजून घे. शाळा उदगीरला झाली माझी, अर्धी कानडी अर्धी मराठी.

तुझं म्हणणं ह्यांनी ऐकलं बरं का. अकरा जणांना पत्रं टाकली. उत्तरं आली. मी लावून बघितलं तर त्यातले सात आपलेच पाव्हणे निघाले. उदगीरचा व्यंकट तर माझ्या चुलतभावाचा साडू. चौघं नात्यात न्हाईत, पण त्यातल्या एकानं पोरासाठी स्थळ हाय का म्हणून विचारलंय, म्हणजे तोही फार दिवस बाहेर राहायचा न्हाई. मला लई मजा आली. ह्यांना आली न्हाई.

मी म्हणलं, नियम खोडून टाका की, तुमचाच हाय. तर म्हणाले, "नियम खोडला तर तिचं नाव खराब होईल. जिंकली तरी लोक म्हणतील मामानं दिलं. मी उठलो तर तिला कुणी काही म्हणणार न्हाई."

आणि उठले. परीक्षकच न्हाई तर नातेवाईक कुणाचे, असं त्यांचं गणित. आपली जागा आपल्या हातानं कुणाला तरी द्यायची, एवढी एकच हौस होती बघ त्यांना. ती सोडली. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात हायच, त्याचं निमित्त पेपरात दिलं, कारण खरं छापलं असतं तर तुझं नाव छापावं लागलं असतं. आता संपादकानं चंद्रपूरच्या कुणी बाई नेमल्यात, लायब्ररीत होत्या म्हणे. त्यांचं नातं लावायचा मी लई प्रयत्न केला. लागत न्हाई.

तुझं रागाचं पत्र ह्यांनी तीनदा वाचलं. वाचून झालं की म्हणतात, पोरगी भांडते चांगलं. घडी घालून गल्ल्यात ठेवलंय. मी हे लिहिलं म्हणून सांगू नको. खांद्याला अर्धा इंच धरला, बसला.

गंगम्मा


नांदेड
२४ ऑक्टोबर २०२५

ती. सिद्धलिंगमामांना शिरसाष्टांग नमस्कार.

आज निकाल लागला, म्हणून आज लिहिते. तुमच्या ठरावाला धक्का लावलेला नाही.

कोडं मला मिळालं. चंद्रपूरच्या बाईंनी फोन केला. व्यंकटरावांचं आणि माझं सूत्र शेवटपर्यंत बरोबरीनं होतं आणि त्यांना निवडायला दोन दिवस लागले, असं म्हणाल्या. मला एकही जास्तीचा शब्द सापडला नाही, असंही म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी कात्री हातात घेऊनच सोमेशला सांगायला धावले. त्याला वाटलं मशीनला काही झालं.

सप्टेंबरमधलं माझं पत्र फाडून टाका. मला माहीत नव्हतं. कसं कळलं ते विचारू नका, मी सांगणार नाही. तुम्ही मला सरळ बाद केलं असतंत, तर तेसुद्धा मी चारचौघांत मिरवलं असतं, मामा. पण तुम्ही जे सोडलंत ते कुणाला सांगताही येत नाही, आणि त्याचं मला जड झालंय. पहिलं कोडं नऊ नोव्हेंबरच्या रविवारी येईल. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली असेल तरच बघा.

तुमची भाची
सुकन्या


लातूर
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सुकन्यास अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन नीट झालं. सगळं इतकं स्वच्छ दिसायला लागलंय की दुकानातल्या भांड्यांवरची माझीच जुनी अक्षरं बघून लाज वाटते. पत्र फाडलेलं नाही. कसं कळलं तेही विचारत नाही, कारण ती समोर बसून दोडक्याच्या शिरा काढते आहे आणि माझ्याकडे बघत नाही.

रविवारी सकाळी पूजा आटोपून पुरवणी घेऊन बसलो. बारा वाजेपर्यंत सगळं भरलं. राहिलं ते सात उभं: 'महादेवाला लागलं बाणाचं टोक, उसवली तर पुन्हा घाला (३)'. रविवार गेला. सोमवारी गंगम्मा म्हणाली, भाचीला फोन करा आणि विचारा. मी म्हटलं, जीव गेला तरी विचारणार नाही. त्रिशूळ घालून पाहिला, जटा घालून पाहिली. मंगळवारी दुकानात दोन गिऱ्हाइकांना भलतीच झाकणं दिली.

आज एक बाई तपेलं घ्यायला आल्या. त्यावर 'शिवकांता' असं नाव घालायचं होतं. शि घातला, व घातला, आणि हात तिथंच थांबला. ज्याचं नाव मी रोज सकाळी घेतो आणि ज्याचं लिंग गळ्यात बाळगतो, तो तीन दिवस माझ्यासमोर बसून होता आणि मला दिसला नाही. बाणाचं टोक ण. मी इतका हरखलो की पुढे ण कोरूनच टाकला. बाई म्हणाल्या, अहो, माझं नाव शिवण नाही. त्यांना नवं तपेलं दिलं. त्यांनी मला डोळे पुन्हा दाखवून घ्यायला सांगितलं.

सूत्रात एकच नाव ठेवतो: 'घाला'च्या ठिकाणी 'मारा' चाललं असतं. पण तू ब्लाउज शिवतेस, तुला जास्त कळतं.

सुकन्या, एकतीस वर्षं मी हे कोडं लातूरला दिलं. सलूनमध्ये, बसस्टँडवर, बँकेच्या रांगेत लोक पेन चावत बसलेले बघितले. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मला उत्तरं आधीच माहीत असायची. रविवार सगळ्यांना यायचा, मला तेवढा यायचा नाही. या वेळी तो मलाही आला, आणि तू तो बुधवारपर्यंत पुरवलास.

'शिवण' कोरलेलं तपेलं आता विकता येत नाही. आजच्या टपालानं तुझ्याकडे पाठवलं आहे.

तुझा
सिद्धलिंगमामा